प्राणवायू कुणी नेला?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. मुंबईत मास कम्युनिकेशन केलं, मग लोअर परळच्या एका पीआर एजन्सीत होते. आता घराजवळ नोकरी चालून आली आहे. एका कंपनीची जेटी आणि तिच्यामागे माल साठवायचं यार्ड होणार आहे. जनसुनावणी अजून व्हायची आहे. पदाचं नाव ‘समुदाय संपर्क अधिकारी’. गावागावांत बैठका घ्यायच्या, माहितीपत्रकं वाटायची, बचत गटांच्या बायकांशी बोलायचं, स्थानिक पत्रकारांशी संबंध ठेवायचे. पगार मुंबईपेक्षा थोडा कमी, पण घरी राहता येईल.

वडील खूश आहेत. आजोबांचं मात्र बिनसलं आहे. गावकीत त्यांना मान आहे आणि ते प्रकल्पाच्या विरोधात आहेत. ऑफर लेटर दाखवलं तर म्हणाले, “म्हणजे कंपनीचो ढोल आता तू बडवतलंस?” मी म्हटलं, आजोबा, हा ढोल नव्हे, जनसंपर्क आहे, याची पदवी असते. त्यावर त्यांचं उत्तर : “पदवी गोबेल्साकय होती.” त्या दिवसापासून जेवताना कुणी विषय काढत नाही.

जनसंपर्क म्हणजे प्रोपगंडाच का? आणि नोकरी घेऊ की नको? नाव छापू नये ही विनंती.
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : तुला अगं-तुगं करते, चालवून घे. नातीच्या वयाची आहेस.

आजोबांची माहिती पक्की आहे. गोबेल्सकडे, म्हणजे हिटलरच्या प्रचारमंत्र्याकडे, हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट होती. त्यांच्या हातात आणखी एक दगड देते, म्हणजे पुढच्या वेळी तोही मारतील. तुझ्या पदवीच्या पहिल्याच वर्षी ज्यांचं नाव पाठ करायला लावलं असेल ते एडवर्ड बर्नेज, फ्रॉइडचे भाचे, जनसंपर्काच्या धंद्याचे एक जनक. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की १९३३ मध्ये जर्मनीहून परतलेल्या एका अमेरिकन पत्रकाराने त्यांना सांगितलं, गोबेल्सच्या ग्रंथसंग्रहात तुमचं पुस्तक आहे आणि ज्यूंविरुद्धच्या मोहिमेसाठी तो ते वापरतो आहे. बर्नेज स्वतः ज्यू होते.

तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते. हो, ही दोन्ही एकाच घरातली आहेत आणि जनसंपर्काच्या नावाखाली रोज जे चालतं त्यातलं बरंचसं प्रोपगंडाच असतं. पण या कामाचा एक भाग असा आहे की तो प्रोपगंडा करणाऱ्याला नकोच असतो. तुझ्या नोकरीत तो भाग आहे की नाही, एवढंच तपासायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लोकमत युद्धाच्या बाजूला वळवण्यासाठी एक समिती नेमली. प्रमुख जॉर्ज क्रील नावाचे पत्रकार. या समितीने सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले. सिनेमागृहात रीळ बदलायला चार मिनिटं लागत, तेवढ्यात हे उठून युद्धाच्या बाजूने भाषण ठोकत. भाषण करणारा गावातलाच असे, वकील नाहीतर दुकानदार, लोकांच्या ओळखीचा. हा तपशील लक्षात ठेव, तुझ्याशी त्याचा संबंध आहे. बर्नेज याच समितीत काम करत होते. युद्धात जे जमलं ते शांततेत का जमू नये, असं त्यांना वाटलं. पण जर्मनांनी वापरल्यामुळे प्रोपगंडा या शब्दाला वाईट वास लागला होता, म्हणून दुसरं नाव घेतलं, हेही त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलं. इतके मोकळे की १९२८ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘प्रोपगंडा’ आहे. आपल्याकडचे पीआरवाले एवढा प्रामाणिकपणा दाखवत नाहीत.

१९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा वाईट समजत. ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. हा किस्सा सगळीकडे सांगतात तो बायका आणि सिगारेट एवढ्यासाठी. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती मिरवणूक लकी स्ट्राइक सिगारेट बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीच्या पैशातून, बर्नेज यांनी जुळवून आणली होती आणि वाचणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याला वाटलं, पोरी आपल्या मनाने उठल्या. बोलणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, आणि दुसरा पडद्याआड : प्रोपगंडा ओळखायची पहिली खूण ही.

पण नुसतं नाव उघड असणंही पुरत नाही. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत सिगारेट कंपन्यांनी एक पानभर निवेदन छापलं. खाली कंपन्यांची नावं ठळक. मजकूर काय? सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, तज्ज्ञांत मतभेद आहेत, तुमचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, आम्ही संशोधन समिती नेमतो आहोत. आखणी हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीची. समिती खरोखर नेमली गेली. भाषा गोड, सह्या उघड, आणि धूम्रपान करणाऱ्याला निर्णय घ्यायला जे कळायला हवं होतं तेच धुक्यात. धूम्रपानाने कॅन्सर होतो हे ठामपणे सांगणारा अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय प्रमुखाचा अहवाल यायला १९६४ उजाडलं.

नाव उघड, पण कळायला हवं तेच झाकलेलं : ही दुसरी खूण. तिच्यासाठी मला स्वतःला वेगळं पुस्तक नको. मी खाडीकाठच्या एका कारखान्यात जनसंपर्काचं खातं सांभाळत होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. एका वर्षी पहिल्या पावसात खाडीत मासे मरून वर आले. काळुंदर, बोय, शेंगटी, सगळा काठ पांढरा. दुपारपर्यंत मुंबईच्या एजन्सीकडून इंग्रजी प्रेसनोट आली, मराठी करून पाठवायला. त्यात मुख्य वाक्य असं : ‘प्राथमिक माहितीनुसार पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण घटल्याने मासे मृत झाल्याचे समजते.’

आता हे वाक्य नीट वाच. यात खोटं काही नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले, शंभर टक्के बरोबर. मासा मेला तो प्राणवायू कमी पडल्यामुळेच. पण पाण्यातला प्राणवायू आपोआप कमी होत नाही. पाण्यात सेंद्रिय घाण शिरली की ती कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. कधी उकाडा असतो, पाणी साचलेलं असतं. कारण काही असेल, त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रेसनोट मात्र अशा जागी थांबली होती की वाचणाऱ्याला वाटावं, कारण सापडलं, विषय संपला. मी खाली एक ओळ घातली : ‘प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे नमुने घेतले असून अहवाल प्रतीक्षेत आहे.’ ती खोडली गेली. मंडळाचं काम मंडळ सांगेल, आपण कशाला?

दुसऱ्या दिवशी बातमी जशीच्या तशी लागली. तिसऱ्या दिवशी मी भोईवाडीत गेले होते, तिथल्या एका म्हाताऱ्याने पेपर माझ्यासमोर धरला आणि अगदी शांतपणे विचारलं, “मग तो प्राणवायू कुणी नेला, बाई?”

एजन्सीच्या इंग्रजी प्रेसनोटची एवढी नेमकी तपासणी मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेली नाही. ती बातमी मी कात्रणांच्या फायलीत चिकटवली आणि कडेला पेन्सिलीने त्याचा प्रश्न लिहिला. तुला ही फाइल ठाऊक असेलच. महिनाअखेरीस कात्रणं स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजायची, पेपरच्या जाहिरातदराने गुणायची आणि एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकटात मिळाली म्हणून वर पाठवायची. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

आता तो दुसरा भाग, ज्याबद्दल सुरुवातीला म्हटलं. त्याच कारखान्याचं दरवर्षी गावात हळदीकुंकू व्हायचं, स्टीलचा डबा वाण. एका वर्षी वाण घेता घेता दोघीतिघींनी धरलंच. शाळा सुटायच्या वेळेलाच तुमचे टँकर त्या वळणावरून का जातात? मी वर टिपण पाठवलं. वाहतूक विभागाचे साहेब खूप कुरकुरले, बंदराची वेळ, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम. पण शेवटी शाळेच्या वेळेत टँकर फाटकाच्या आत थांबायला लागले. त्याची बातमी कुठे लागली नाही, म्हणून महिन्याच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य. माझ्या लेखी त्या वर्षीचं खातं तेवढ्यावरच चाललं.

गावाचं म्हणणं वर नेणं आणि त्याने वरच्यांचं वागणं बदलणं, हा भाग प्रोपगंडा करणाऱ्याला नको असतो. ऐकायचं तोही ऐकतो, बारकाईने ऐकतो, सर्व्हे करतो. पण आपला ढोल कुठल्या तालात वाजवला तर चालेल ते कळावं म्हणून. ग्रुनिग आणि हंट या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार मांडले, ते तुझ्या अभ्यासक्रमात असणार : नुसती प्रसिद्धी, माहिती देणं, लोकांचं मन जाणून ते वळवणं, आणि दोन्ही बाजूंनी बदलायची तयारी ठेवून बोलणं. परीक्षेत चौथ्यावर निबंध लिहितात आणि नोकरी तिसऱ्यात करतात.

या धंद्याला लाजवणारा एक माणूस तुला सांगायलाच हवा, कारण सुरुवात त्याने फार चांगली केली होती. आयव्ही ली. १९०६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना जाहीरनामा पाठवला की आमचं काम गुप्त नाही, जे आहे ते उघड, आणि कुठलीही गोष्ट पडताळून पाहायला संपादकांना आम्ही आनंदाने मदत करू. आजही यापेक्षा चांगली नियमावली मला माहीत नाही. मग कोलोरॅडोत कोळसा खाणकामगारांचा संप झाला. २० एप्रिल १९१४ ला लडलो इथल्या कामगारांच्या तंबूवस्तीवर नॅशनल गार्डने हल्ला केला, तंबू पेटले आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं मेली. खाणीत मोठा हिस्सा रॉकफेलर घराण्याचा. त्यांनी ली यांना नेमलं. लींनी खाणमालकांच्या बाजूची पत्रकं काढली, त्यात कामगार पुढाऱ्यांची वर्षभराची मिळकत नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. सरकारी चौकशी आयोगापुढे त्यांना विचारलं, हे आकडे तपासले होते का? नाही, खाणमालकांनी दिले ते घेतले. जाहीरनामा लिहिणाऱ्याचीच ही कथा, तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवरची ‘आमची मूल्ये’ वाचून नोकरी घेऊ नकोस.

आणि आपल्या कोकणाला हे शिकायला अमेरिकेला जायची गरजही नाही, अमेरिका इथे आली होती. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प. तुझा जन्मही नसेल तेव्हा. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉन या तो प्रकल्प आणणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली की भारतात लोकांना शिकवण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, बांधकाम त्यात धरलेलं नाही. या वाक्यावर तेव्हा देशभर गदारोळ झाला, लाच दिली का म्हणून. मला त्याहून साधी गोष्ट बोचते. शिकवायला एवढे पैसे होते आणि त्याच वेळी वीजखरेदी करार लोकांपुढे उघड केलेला नव्हता. वीज महाग पडेल हे पुण्याच्या प्रयास संस्थेतली मंडळी कागदावर गणित मांडून सांगत होती. गावात लोक जमिनीचं, पाण्याचं, मासेमारीचं विचारत होते. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेचा १९९९ चा अहवाल वाच, विरोध करणाऱ्यांची धरपकड आणि मारहाण त्यात नोंदलेली आहे. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, दर परवडेना म्हणून राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये करार मोडला आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. गणित मांडणाऱ्यांचं कुणीतरी वर नेऊन ऐकवलं असतं तर सर्वांत आधी कंपनीचाच फायदा झाला असता.

आजोबांनाही एक सांगायचं आहे, ही पानं त्यांना वाचायला दे. विरोधकांची पत्रकंही मी जमवलेली आहेत. कुठे आंब्याचा मोहोर जळून जाईल, कुठे समुद्रातला मासा कायमचा संपेल, आधार काय ते कुठेच नाही, आणि काही पत्रकांवर काढणाऱ्याचं नावही नाही. त्या दोन खुणा त्यांनाही लावायच्या. फक्त एक तारतम्य ठेवते : पन्नास कलमांचा बागायतदार भीतीपोटी चढवून बोलतो आणि कंपनी बजेट मंजूर करून चढवून बोलते, हे दोघे माझ्या तराजूत सारखे बसत नाहीत.

आता तुझी नोकरी. तुला न दुखावता कसं सांगू? कंपनीने तुला घेतलं ते पदवीसाठी थोडं आणि आडनावासाठी जास्त. त्या सिनेमागृहातल्या चार मिनिटांच्या वक्त्यांचं सांगितलं ना, तसंच. आजोबांच्या नातीला कुणी दारातून परत पाठवणार नाही, पाणी विचारतील, कोकम सरबत करतील. मुंबईहून आलेल्या माणसाला ही किल्ली मिळत नाही. म्हणून पहिलं काम : कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून जायचं. बैठकीला, बचत गटात, देवळात सभा असेल तर तिथेही. ज्या घरात ते घालून जाववत नाही त्या घरात कंपनीचा विषय काढायचा नाही. तुझ्या हातून वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक पत्रकावर ते कुणी काढलं आणि कुठे छापलं हे असलं पाहिजे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचं आहे. जेटीच्या पत्रकाला तो कायदा लागू नाही, पण तुला लागू करून घ्यायला कोण अडवतं?

जनसुनावणीचे नियम तुझे पाठ हवेत, कंपनीचं सादरीकरण त्यानंतर. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी कंपनी घेत नाही, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते. पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. गणसंख्येची अट नाही, म्हणजे कुणी आलं नाही तरी सुनावणी झाली असं धरतात, हे बऱ्याच गावांना ठाऊक नसतं आणि बहिष्कार टाकून लोक घरी बसतात. शेवटी जे बोलणं झालं त्याचा गोषवारा तिथेच मराठीत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची. सगळ्याचं चित्रीकरण.

तुझ्या बैठकांमध्ये तू हे सगळं सांगू शकणार आहेस का? बहिष्कार टाकलात तर नुकसान तुमचंच, येऊन विरोध नोंदवा, हे वाक्य कंपनीच्या पगारावर असताना बोलता येईल का? मुलाखत घेणाऱ्या साहेबांना हाच प्रश्न विचार. सोबत हेही विचार की गावाने ‘नको’ म्हटलं तर ते मी त्याच शब्दांत वर लिहिणार, त्या टिपणाची पोच मला मिळेल का. आणि लोकांनी विचारलेल्याचं उत्तर मला माहीत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून सांगते’ असं म्हणायची मुभा आहे का. साहेब हसले तर हसण्याचा प्रकार बघ. तेवढं कळण्याइतकी तू एजन्सीत राहिलेली आहेस.

मला विचारशील तर नोकरी घे, एका अटीवर, आणि ती लेखी घे : सुनावणी होईपर्यंत तुझ्या स्वतःच्या गावात तू कंपनीचं काम करणार नाहीस. बाकीची गावं चालतील. तुझ्या वाडीत तू नात आहेस आणि तिथे आजोबा बोलतात तेव्हा तू समोरच्या टेबलावर बसायचं नाहीस. ही अट कंपनीला मान्य नसेल, तर तिला तुझ्यातलं नेमकं काय हवं होतं ते कळेल, आणि मग मुंबईची गाडी आहेच. मान्य असेल तर पहिल्याच आठवड्यात तो मराठी सारांश मागून घे आणि जेवण झाल्यावर आजोबांपुढे ठेव. त्यांचे प्रश्न लिहून काढ. कंपनीच्या सल्लागारांनी न विचारलेले निदान दोनतीन तरी निघतील. ते वर पाठव. उत्तर येतं की नाही यावरून पुढची नोकरी कशी जाईल ते कळेल.

प्रश्न : ‘कोकणचा कॅलिफोर्निया करू’ हे मी विद्यार्थी होतो तेव्हापासून ऐकतो आहे, आता निवृत्त झालो. हा प्रोपगंडा म्हणायचा का? आणि मग ‘देवगड हापूस’ अशी जाहिरात करतो तोही प्रोपगंडाच का?
— एक निवृत्त शिक्षक, दापोली

उत्तर : सर, कॅलिफोर्नियाला एवढा मान देऊ नका. प्रोपगंडा करणाऱ्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, मत, जमीन, गप्प बसणं. या घोषणेने निदान माझ्याकडे तरी कधी काही मागितलं नाही. ती भाषणाच्या सुरुवातीला म्हणतात, सत्यनारायणाच्या कथेत फळ सांगतात तशी. हां, एखाद्या विशिष्ट जमिनीच्या अधिसूचनेच्या आठवड्यातच ती पुन्हा ऐकू आली तर कान टवकारा.

हापूसचं वेगळं. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी. तेव्हा देवगडच्या बागायतदाराने आपला आंबा देवगडचा म्हणून ओरडून विकणं ही जाहिरात, आणि सांगणारा कोण ते पेटीवरच छापलेलं. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात तो प्रोपगंडा नाही, ती सरळ फसवणूक. तिच्यासाठी कायदा आहे, निबंध नको.

प्रश्न : मी तालुका वार्ताहर आहे. मानधन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, जाहिरातीच्या कमिशनवर भागतं. कंपनीची प्रेसनोट आली की ‘लाव’ असा निरोप येतो. न लावली तर गणपतीच्या पुरवणीतली जाहिरात जाते. मी काय करावं?
— एक वार्ताहर, राजापूर तालुका

उत्तर : तुमच्या पगाराचा प्रश्न मी सोडवू शकत नाही आणि तो सुटल्याशिवाय तुम्हाला बाणेदारपणा शिकवणं मला शोभणार नाही. पैसे घेऊन बातमी छापण्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा २०१० चा अहवाल आहे, त्यात मोठमोठ्यांची झाडाझडती आहे. तालुक्याच्या वार्ताहराला कमिशनवर जगवायचं आणि वर निष्पक्ष म्हणून मिरवायचं, यावर मालकांना कुणी धारेवर धरेल तेव्हा बघू.

तोवर हाताशी दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रेसनोट लावा, पण पहिल्याच वाक्यात ‘कंपनीने प्रसिद्धिपत्रकाद्वारे कळविले आहे’ हे शब्द ठेवा. प्रेसनोटीत ते कधीच नसतात, तुम्हीच घालायचे. वरून कुणी काढले तर निदान कुणी काढले ते तुम्हाला कळेल. दुसरी, पत्रकात ज्याचं नाव नाही अशा एका माणसाला फोन करा. कंपनीने शाळेला संगणक दिले असतील तर मुख्याध्यापकांना विचारा की चालू आहेत का, वीज बिल कोण भरतं. त्यांचं एक वाक्य बातमीच्या शेवटी टाका. एवढ्याने जाहिरात जात नाही. मी पलीकडच्या खुर्चीवर बसून अशा बातम्या वाचल्या आहेत. साहेब शेवटपर्यंत वाचत नसत, आपला फोटो आला की नाही तेवढं बघत.